परीस, पैसा आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पंढरपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो ‘पैसा’. ज्याने सारी उमर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यात घालविली आणि जो आता दरमहा निवृत्तिवेतनाची वाट पाहत असतो, त्याच्याच गळ्यात हा विषय घालावा, यात चिटणीसांचा थोडा विनोद असावा. तथापि रोगाविषयी बोलण्याचा अधिकार वैद्याइतकाच रोग्यालाही असतो, अशी मनाची समजूत घालून आम्ही उभे राहिलो आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्र आम्हांस येत नाही. जे पाहिले आणि जे आमच्या हातून घडले, तेवढेच सांगणार आहोत.

आपण शिंपी, आणि बसलो आहोत पंढरपुरात. तेव्हा पैशाची गोष्ट निघाली की परिसा भागवताची कथा आठवणे साहजिकच आहे. महिपतीबोवांच्या ‘भक्तविजया’मुळे ती घरोघरी पोचली. परिसा भागवताजवळ परीस होता. त्याच्या पत्नीने तो नामदेवरायांच्या पत्नीस, राजाईस, दिला. घरातील लोखंडाचे सोने झाले (शिंप्याच्या घरात लोखंड ते काय असणार? सुया आणि कात्री!), बाजारातून जिन्नस आले, चूल पेटली. नामदेवराय घरी आले, सर्व प्रकार त्यांच्या ध्यानी आला आणि त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा रडत-भांडत आला, तेव्हा नदीतून ओंजळभर खडे काढून त्याच्यापुढे धरले. प्रत्येक खडा परीस! कीर्तनकार येथे क्षणभर थांबतो आणि मंडप विठ्ठलनामाच्या गजराने दुमदुमून जातो. लहानपणी आम्हीही तो गजर केलेला आहे. परंतु पुढे प्रपंचाचे ओझे खांद्यावर आले, तसतशी आमची दृष्टी त्या खड्यांवरून हलली आणि राजाईवर जाऊन थांबली. नामदेवरायांचा त्याग नामदेवरायांस शोभून दिसला. त्याविषयी बोलण्याची आमची पात्रता नाही. पण त्या रात्री त्या घरात काय शिजले, हे आम्ही अद्याप कोणा कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेले नाही.

हे एवढ्यासाठी सांगितले की, ‘पैसा म्हणजे माती’ हे वचन आपल्या सभांतून फार ऐकू येते, आणि ते बहुधा ज्यांच्या घरी माती सोडून बाकी सर्व आहे त्यांच्याच मुखातून येते. गरिबाला पैसा माती वाटत नाही. त्याला तो औषध वाटतो, मुलीची फी वाटतो, पावसाळ्यापूर्वी घरावर घालायचे पत्रे वाटतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या एक वृद्ध आजी आमच्याकडे आल्या. पदराखाली एक पुरचुंडी होती. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेल्या नोटा होत्या, कित्येक वर्षांच्या. “मास्तर, ह्यांना कळू न देता बदलून मिळतील का?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या पैशाचे त्यांना काय करावयाचे होते, असे आम्ही विचारले तेव्हा त्या गोंधळल्या. काही करावयाचे नव्हतेच. ते असणे, एवढेच पुरे होते. आपल्यापाशी काही आहे, उद्या कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, या एका जाणिवेवर त्या बाई ताठ मानेने जगत होत्या. यास लोभ म्हणणारा माणूस कधी अडचणीत सापडलेला नसावा.

म्हणून पैशाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न निराळाच आहे. पैसा माणसामाणसांच्या मध्ये उभा राहतो, तेव्हा तो कसा उभा राहतो, हे पाहावयाचे आहे.

आमचे वडील बाजाराच्या गावी एका ओट्यावर शिलाईचे यंत्र मांडून बसत. जून महिना आला की शाळेच्या कपड्यांची झुंबड उडे: खाकी चड्डी आणि पांढरा सदरा. पैसेवाल्याच्या मुलाचे माप घ्यावयाचे ते ज्या फितीने, मजुराच्या मुलाचेही त्याच फितीने. मात्र दोन गोष्टी ते निराळ्या करीत. गरिबाच्या मुलाच्या कपड्याला ते शिवणीत दोन बोटे कापड राखून ठेवीत. मूल वाढले की पुढच्या वर्षी उसवून मोठे करता यावे म्हणून. आणि हे काम ते रात्री, दुकानाच्या फळ्या लावून घेतल्यावर करीत. दुसरी गोष्ट उधारीच्या वहीची. ज्यांची उधारी फिटण्याचा संभव थोडा, अशांची नावे ते वहीच्या शेवटल्या पानावर, उलट बाजूने लिहीत, तीही अर्धवट अक्षरांत. ओट्यावर दहा माणसे टेकत, वहीत डोकावत. त्यांना ती वाचता येऊ नयेत. आम्ही एकदा विचारले, “दादा, असे का?” ते यंत्र चालवीतच म्हणाले, “देणे माझे आहे, गावाचे नाही.” यापलीकडे त्यांनी आम्हांस अर्थशास्त्र शिकविले नाही आणि त्यांना स्वतःलाही ते कोणी शिकविलेले नव्हते.

मनुष्यस्वभावाचे मर्म येथे आहे, असे आम्हांस वाटते. माणूस उणे सोसतो. अर्धी भाकरी, विटका सदरा, गळके छप्पर, सारे सोसतो. आपले उणे चारचौघांत मोजले जाणे, हे मात्र त्याला सोसत नाही.

आणि हे ज्याच्या घरी शिकावयास मिळाले त्याने पुढे काय केले, तेही आता सांगणे प्राप्त आहे. आम्ही शिक्षक झालो. एका वर्षी शाळेची सहल निघाली. वर्गणी अगदी माफक होती. आदल्या दिवशी हजेरीच्या वेळी आम्ही वर्गात म्हणालो, “ज्यांनी वर्गणी दिली नाही, त्यांनी उभे राहावे.” चौघे उभे राहिले. तिघे हसत हसत उभे राहिले, त्यांचे पैसे दप्तरात होते. चौथा खाली पाहत उभा राहिला. तो आपल्याच ज्ञातीतला. त्याचे वडील एका कारखानदाराकडून नगावर काज-बटणाचे काम आणीत. आम्ही त्यास विचारले, “तुझे काय?” वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी सहल गेली, तो पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहिला. पुढे तो शाळेत येत राहिला, पण वर्गात प्रश्न विचारला असता त्याचा हात पुन्हा वर झाला नाही. त्याआधी सर्वांत प्रथम तोच हात वर होत असे.

त्याची वर्गणी आमच्या खिशातून भरणे अवघड नव्हते. मुळात आमचा तसा विचारही होता! पैशाची कमतरता त्या दिवशी नव्हतीच. कमतरता होती ती जागेपणाची. वडिलांनी जी नावे वहीच्या पाठीमागे लपविली, ती त्यांच्या शिकलेल्या मुलाने भर वर्गात मोठ्याने वाचली. तो मुलगा आज मध्यमवयीन गृहस्थ आहे, स्वतःचे चार यंत्रांचे दुकान चालवितो. आम्हांस भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्या दिवसाविषयी तो बोलत नाही आणि आम्हांसही आजवर धीर झालेला नाही.

असो. एका वर्गाची ही गोष्ट देशाएवढी मोठी करून पाहावी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण समता स्वीकारीत आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम आहे, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीचीच इमारत धोक्यात येईल. त्यानंतर पाऊणशे वर्षे झाली. २०२४ साली वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अभ्यासकांनी जो हिशेब मांडला, त्याप्रमाणे २०२२–२३ मध्ये भारतातील सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. शंभर मुलांच्या वर्गात एकाच मुलाच्या डब्यात चाळीस पोळ्या असाव्यात, असा हा प्रकार आहे.

परंतु हे आकडे ऐकून आपण जो सुस्कारा टाकतो, तोही एक पळवाटच आहे. तो एक टक्का कोठेतरी मुंबई-दिल्लीस राहतो, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. याच मंडपाकडे पाहा. तयार कपडे आले आणि आपल्या धंद्याचे दोन तुकडे झाले. ज्यांना भांडवल जमले, ते कापडाचे व्यापारी झाले, गणवेशांचे कारखानदार झाले. सोलापुरात तर गणवेशांचा मोठाच उद्योग उभा राहिला. ज्यांना जमले नाही, त्यांची दुकाने बसली आणि ते नगावर काम करू लागले. आज या मेळाव्यात सदरा शिवून घेणारा कारखानदार पहिल्या रांगेत आहे आणि त्याच सदऱ्याची काजे करणारी भगिनी शेवटच्या रांगेत आहे. दोघांचे आडनावही कदाचित एकच असेल. कारखानदार बंधूंनी रागावू नये. त्यांनी कष्टाने मिळविले, हे आम्ही जाणतो. पण त्या भगिनीच्या नगाचा दर शेवटी कधी वाढला, हे त्यांना सांगता येईल काय?

पुढे विवाहाचा प्रश्न. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा कमी खर्चाचा साधा विवाह हा त्या चळवळीचा एक महत्त्वाचा भाग होता, कारण लग्नापायी माणूस कर्जात कसा बुडतो, हे त्यांनी खेडोपाडी पाहिले होते. १९६१ मध्ये हुंडाप्रतिबंधक कायदा झाला. हुंडा हा शब्द आता आपल्या बैठकांतून गेला खरा. त्याच्या जागी ‘तुमच्या मुलीला हौसेने काय द्याल ते द्या’ हे वाक्य आले. लग्नापूर्वीचे चित्रीकरण, हळदीस निराळा मंडप, जेवणात पंचवीस पदार्थ. ज्याच्यापाशी आहे त्याने खर्च केला तर कोणाचे काय गेले, असे विचारले जाते. गेले ते सांगतो. श्रीमंताचे लग्न हे गरिबाला माप होऊन बसते. शेवटच्या रांगेतला बाप ते लग्न जेवून घरी जातो आणि रात्री त्याची पत्नी एवढेच म्हणते, “आपल्याला एवढे नाही, पण निम्मे तरी?” दुसऱ्या दिवशी तो पतसंस्थेच्या पायऱ्या चढतो किंवा सोनेतारण कर्जाची चौकशी करतो. त्या कर्जाच्या कागदावर सही त्याची असते. माप मात्र दुसऱ्याने घेतलेले असते.

डोळसपणे जगणे म्हणतात, ते आमच्या अल्पमतीने एवढेच आहे: आपला रुपया आपण खर्च करतो तेव्हा तो दुसऱ्याच्या घरात काय करीत जातो, इकडे लक्ष असणे. यासाठी संन्यास नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही थोरांची गोष्ट झाली. ती तुमच्या-आमच्याकडून होणार नाही. परंतु त्याच संस्थेसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूस काढले जाई, ते आपल्याला होण्याजोगे आहे. त्या मुठीतले दाणे एकदा पोत्यात पडले की, वाड्यातले कोणते आणि झोपडीतले कोणते, हे निवडता येत नसे. आम्हांस त्या योजनेत धान्यापेक्षाही हे न निवडता येणेच मोलाचे वाटते.

सकाळी आम्ही महाद्वारी गेलो होतो. नामदेवरायांची पायरी तेथे आहे आणि समोर चोखोबांची समाधी. भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवराय पायरी होऊन राहिले, अशी आपली श्रद्धा. आणि ज्या चोखोबांस आत प्रवेश नव्हता, त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. तेथून धर्मशाळेत परत येताना आपल्या मंडळाच्या सभागृहाकडे नजर गेली. दारावर संगमरवरी फलक आहे. वर मोठ्या अक्षरांत आश्रयदाते, खाली त्याहून लहान अक्षरांत आजीव सभासद; रक्कम जसजशी घटते, तसतशी अक्षरे बारीक होत जातात. पायरीवर नाव नाही म्हणावे तर त्या पायरीला साऱ्या महाराष्ट्रात नामदेवांच्या नावाशिवाय दुसरे नाव नाही!

म्हणून कार्यकारिणीपुढे आमचे काही मागणे आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या गरजू मुलांची नावे व्यासपीठावरून पुकारून त्यांना पाकीट घेण्यास बोलावू नये. रक्कम परस्पर त्यांच्या खात्यात जमा करावी. गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा, तो निराळा. वधूवर सूचीतील ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना काढून टाकावा, असे सुचविण्याचे आमच्या मनात होते. पण मुलीच्या आईबापांना ती माहिती हवीच असते, हे आम्ही दोन मुलींचे वडील म्हणून जाणतो, तेव्हा त्याविषयी आग्रह नाही. नगावर काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी मात्र शिष्यवृत्तीत वेगळा वाटा ठेवावा, आणि आपल्या कारखान्यांतून काम करणारे सर्वच आपल्या ज्ञातीचे नसतात, म्हणून तो वाटा ज्ञातीपुरता मर्यादित ठेवू नये. या सूचनेवर बैठकीत वाद होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. तो व्हावा. आणि देणगीदारांची यादी अकारविल्हे, एकाच आकाराच्या अक्षरांत, रकमांवाचून छापावी.

या सर्व सूचना लेखी स्वरूपात चिटणीसांच्या स्वाधीन केल्या आहेत. यंदाच्या स्मरणिकेची ती पाने आधीच छापून झाली असून आमच्या नावापुढेही रक्कम छापलेली आहे, असे मुद्रकांकडून कळले. ती खोडता येणार नाही, असे ते म्हणतात. पुढच्या वर्षी ती नसावी, एवढी विनंती.