शब्द विचारत राहा



शहाद्यातल्या एखाद्या वर्गात घरी गुजरी बोलणारी मुलं असतात, अहिराणी बोलणारी असतात, भिली आणि पावरी बोलणारीही. शाळेची भाषा मराठी. त्यात 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ती तिसरी भाषा. नवी भाषा उचलणं या मुलांना जड नाही. दोन-तीन भाषा कानावर घेतच ती वाढतात. तरी दहावी झाली की इंग्रजीची चार वाक्यं बोलताना अडतात. माझ्या मते याचं कारण एकच: आपण शब्द सांगतो फार, विचारतो कमी.

शब्दार्थ फळ्यावरून उतरवून घ्यायचे, दहा-दहा वेळा लिहायचे, ही आपली रीत. कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी स्वाहिली भाषेतले 40 शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. ज्यांना येत असलेले शब्दही पुन्हा पुन्हा विचारले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के शब्द आठवले. एकदा आलेला शब्द ज्यांना परत विचारलाच नाही, ते 35 टक्क्यांच्या आसपास राहिले. त्यांतल्या एका गटाने तर सगळे शब्द पुन्हा पुन्हा वाचलेही होते. वाचनाने ती उणीव भरून निघाली नाही.

म्हणून छोटी प्रश्नमंजूषा रोज हवी. पाच शब्द, पाच मिनिटं. त्यातले दोन आजचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. आणि सुटा अर्थ विचारू नका, वाक्यात जागा रिकामी ठेवा. ‘मी दोन वर्षांपासून शहाद्यात राहतो’ हे इंग्रजीत सांगताना मुलं हमखास ‘सिन्स टू इयर्स’ म्हणतात. ‘पासून’ दिसलं की ‘सिन्स’, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कालावधी असेल तर ‘फॉर’ आणि सुरुवातीचा दिवस किंवा साल असेल तर ‘सिन्स’, हा नियम पाठ करून उपयोग होत नाही. ‘सोमवार’, ‘तीन तास’, ‘2020’, ‘बराच वेळ’ असे शब्द असलेली वाक्यं आलटूनपालटून समोर आली, दोनदा चुकली, की तिसऱ्यांदा तोंडातून बरोबर येतं.

शब्दही इथलेच घ्या. प्रकाशा इथे गोमाई नदी तापीला मिळते, तो संगम. सारंगखेड्याचा बॅरेज, घोड्यांची यात्रा, ऊसतोड, पपईची बाग. रोज पाहिलेल्या गोष्टीवर वाक्य करायला मूल कचरत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजीच्या प्रश्नांना चार पर्याय असतात. तो सराव जरूर करावा, पण पर्याय ओळखणं वेगळं आणि शब्द स्वतः आठवणं वेगळं. बोलताना समोर पर्याय नसतात.

सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं हंगामात कामासाठी बाहेर जातात. त्यांची मुलं परततात तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. जुने शब्द रोज फिरून येणाऱ्या वर्गात त्यांना निदान सुटलेलं पकडता येतं. या एका कारणासाठीसुद्धा मी हा आग्रह धरीन.

शिक्षक मित्रांनो, या पाच मिनिटांचे गुण वहीत मांडू नका. चुकलेल्याला तिथल्या तिथे बरोबर उत्तर सांगा आणि दोन दिवसांनी तोच शब्द त्याला परत विचारा. आणि पालकहो, इंग्रजी येत नसलं तरी वही हातात घ्या, मराठी शब्द वाचा आणि मुलाला इंग्रजी शब्द विचारा. आज रात्रीच सुरुवात करा.