बडतर्फीचा अधिकार कोणाच्या हाती?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या राज्यघटनेत उच्चाधिकाऱ्यांच्या नेमणुकीची रीत स्पष्ट आहे : राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावे, सिनेटने संमती द्यावी. त्यांना दूर करण्याबाबत मात्र महाभियोगापलीकडे घटना मौन पाळते. या मौनाचा अर्थ लावण्यावरून १७८९ पासून वाद चालू आहे, आणि तो केवळ वकिलांचा वाद नाही.

रेल्वे कंपन्यांच्या मनमानी दरांविरुद्ध शेतकरी उठले, त्यातून १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग आला. मक्तेदाऱ्यांना आवर घालण्यासाठी १९१४ मध्ये संघीय व्यापार आयोग स्थापन झाला. पाच सदस्य, सात वर्षांची मुदत, एका पक्षाचे तिघांहून अधिक नाहीत, अशी त्याची रचना होती. अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा पदाचा गैरवापर याच कारणांसाठी राष्ट्राध्यक्षाने सदस्याला दूर करावे, असे कायद्याने ठरवले.

१९२६ मध्ये एका पोस्टमास्तरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला बहाल केला. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट हे स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते! १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी बड्या भांडवलाचे कैवारी असलेले व्यापार आयोगाचे सदस्य हम्फ्री यांना धोरणभेदामुळे काढले. हम्फ्री वारले; त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने थकलेल्या पगारासाठी दावा लावला. १९३५ मध्ये न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : आयोगाचे काम अंशतः कायदे करण्याच्या व न्यायदानाच्या स्वरूपाचे असल्याने काँग्रेस बडतर्फीवर मर्यादा घालू शकते.

भांडवलदारांच्या मित्रासाठी मिळालेले हे संरक्षण पुढे कामगारांच्याही उपयोगी पडले. त्याच वर्षी वॅग्नर कायद्याने राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ उभे राहिले. संघटना बांधल्याबद्दल कामावरून काढलेल्या कामगाराची तक्रार या मंडळापुढे येते.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मंडळाच्या सदस्य ग्विन विल्कॉक्स यांना मुदतीपूर्वीच दूर केले. निर्णयासाठी किमान तीन सदस्य हवेत, उरले दोन. मंडळ बंद करावे लागले नाही, कायदाही बदलावा लागला नाही. एका माणसाला घरी पाठवताच निवाडे थांबले. मार्चमध्ये व्यापार आयोगाच्या दोन सदस्यांवरही तीच पाळी आली.

मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विल्कॉक्स यांना खटल्याच्या काळात पदापासून दूर ठेवण्यास मुभा दिली. त्याच आदेशात मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हची रचना मात्र वेगळी असल्याचे न्यायालयाने आवर्जून नमूद केले. चलन आणि व्याजदर सांभाळणाऱ्या संस्थेचे स्वातंत्र्य जपायचे आणि कामगाराचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या संस्थेचे नाही, हा भेद बोलका आहे.

स्वतंत्र आयोग म्हणजे श्रमिकांचे राज्य नव्हे. हम्फ्रीही अशाच आयोगावर बसले होते. तथापि जो अधिकारी कोणत्याही दिवशी घरी जाऊ शकतो, तो बलवानांविरुद्ध निकाल देताना दहा वेळा विचार करील. म्हणून कोणत्याही आयोगाची पारख करताना त्याला नेमतो कोण एवढेच पाहून भागत नाही. त्याला काढतो कोण आणि कोणत्या कारणासाठी, हेही विचारले पाहिजे.