अपृष्ठवंशीय प्राणी आणि नारूचा धडा



प्राणी म्हटला की मुलांच्या डोळ्यांसमोर गाय, वाघ, पोपट किंवा मासा उभा राहतो. या सर्वांना पाठीचा कणा असतो. परंतु प्राण्यांच्या ज्ञात जातींचा हिशेब मांडल्यास शंभरांपैकी ९५ हून अधिक जातींना कणाच नसल्याचे दिसते. हेच अपृष्ठवंशीय प्राणी होत.

कण्याचा अभाव हे त्यांचे पहिले लक्षण. त्यांच्या शरीरात हाडांचा सांगाडा नसतो. मनुष्याचा मज्जारज्जू पाठीकडे व हृदय पुढील बाजूस असते. झुरळासारख्या प्राण्यात चेतारज्जू पोटाकडे आणि हृदय पाठीकडे असते. श्वसनाच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. गांडूळ ओलसर त्वचेतून श्वास घेते, खेकडा कल्ल्यांनी, तर कीटक अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून.

या प्राण्यांचे प्रमुख संघ उदाहरणांसह शिकविल्यास विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी राहतात. स्पंजाच्या अंगभर रंध्रे असतात, म्हणून तो रंध्रीय. जलव्याल व प्रवाळ यांना दंशपेशी असतात. पट्टकृमी हा चपटा कृमी, तर पोटातील जंत हा गोलकृमी. गांडूळ व जळू हे वलयांकित प्राणी. गोगलगाय, शिंपला व ऑक्टोपस हे मृदुकाय, तर तारामासा हा केवळ समुद्रात राहणारा कंटकचर्मी प्राणी होय. सर्वांत मोठा संघ संधिपाद प्राण्यांचा. त्यांचे पाय सांध्यांचे असून शरीरावर कठीण आवरण असते. कीटकांना ६, कोळ्याला ८ व खेकड्याला १० पाय असतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्ल्यू मॉरमॉन याच संघातील.

हे वर्गीकरण केवळ परीक्षेपुरते नाही, याची साक्ष नारू रोगाच्या इतिहासात मिळते. नारू हा गोलकृमी. त्याची मादी ६० ते १०० सेंटिमीटर लांब असते. तिच्या अळ्या पाण्यातील सायक्लॉप्स या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या संधिपाद प्राण्याच्या पोटात वाढतात. असे पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात नारू प्रवेश करतो आणि सुमारे वर्षभराने बहुधा पायावर फोड येऊन मादी बाहेर पडू लागते. दाह शमविण्यासाठी रोग्याने पायविहिरीत पाय बुडविला की मादी पुन्हा पाण्यात अळ्या सोडते आणि तेच पाणी गाव पिते. बाहेर येणारा कृमी काडीवर दररोज थोडा थोडा गुंडाळावा लागे. तोवर शेतकरी अंथरुणास खिळून राही आणि शेतीची कामे खोळंबत.

या रोगावर औषध नव्हते आणि लसही नव्हती. हाती होते ते केवळ कृमीच्या जीवनचक्राचे ज्ञान. भारतात १९८३-८४ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह सात राज्ये रोगग्रस्त होती. दाट कपड्याने पाणी गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, सायक्लॉप्सचा नाश करणे आणि पायविहिरींऐवजी हातपंप व सुरक्षित विहिरी उपलब्ध करणे, हे साधे उपाय नेटाने राबविण्यात आले. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जीवनचक्राची एक कडी तोडली की साखळी तुटते, हे सत्य गावोगावच्या घरांनी आचरणात आणले, म्हणूनच हे यश मिळाले.

मात्र प्रत्येक कणाहीन जीव शत्रू नव्हे. गांडूळ जमीन भुसभुशीत करते, मधमाशी परागीकरण करून पिकांचे उत्पन्न वाढविते. सरसकट कीटकनाशके फवारल्यास मित्र व शत्रू दोन्ही मरतात. कोणाला राखावे आणि कोणाला रोखावे, हे ओळखण्यासाठी प्रथम त्यांची लक्षणे ठाऊक हवीत.

यासाठी महागड्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. शाळेच्या आवारातील ओला पालापाचोळा, एक साधे भिंग आणि वही पुरेशी आहे. मुलांनी प्राणी पाहावा, त्याचे पाय मोजावेत, नोंद करावी व त्याला होता तेथे पुन्हा सोडावे. पंचायतीने गावातील पाणवठा स्वच्छ राखावा आणि शिक्षकांनी तो का राखावा हे मुलांना समजावून द्यावे. पाठ्यपुस्तकातील धडा अशा रीतीने पाणवठ्यापर्यंत पोहोचला, तरच विज्ञानशिक्षण सार्थ होईल.