धवलारणीचं पाठांतर

कसारा लोकलने आसनगावच्या अलीकडचं स्टेशन वाशिंद. या शहापूर-मुरबाड पट्ट्यात हळदीच्या मांडवात अजूनही कुठे कुठे धवलारीण, म्हणजे लग्नगीतं म्हणणारी बाई, गाते. समोर वही नाही, कागद नाही. विधीविधीची गाणी तोंडपाठ.

एवढं लक्षात राहतं कसं? गाण्याच्या बांधणीतच युक्ती आहे. एक ओळ धवलारीण म्हणते, जोडीदारीण तीच उचलते. तेवढ्यात पुढची ओळ सुचायला उसंत मिळते. नव्या ओळीत जुने शब्द तसेच, फक्त एखादा बदलतो. आधी गावदेवाला आवतण, मग कुलदैवताला, मग मामाला, आत्याला. मांडवातल्या आत्याचं नाव ओळीत अलगद बसतं आणि गाणं त्या घरचं होऊन जातं. ही अस्सल कविबुद्धी आहे, असं मी मानतो.

परंपराही थोर. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यात महदंबेने धवळे गाइले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. ती मराठीची आद्य कवयित्री.

यंदा लग्नाला जाल, तेव्हा डीजे सुरू होण्याआधी धवलारीण बाईंजवळ बसा. मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करा, आणि त्यांचं नाव-गावही त्यांच्याच आवाजात घ्या.