दुसऱ्याच्या मापाचा पोशाख आणि थंड पाणी

(महिला गटांच्या वार्षिक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कायदा, रेशन, कौटुंबिक हिंसा अशा विषयांच्या मध्येच 'थंड पाण्यातलं स्कूबा डायव्हिंग' हे नाव वाचून तुमच्यातल्या काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हसण्यासारखंच आहे. मी वाईची, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली. गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, एका शाळेच्या कचेरीत हिशेब लिहिते. आणि वयाच्या ४९व्या वर्षापासून सुट्टीच्या दिवशी सहा-सात अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडी मारते. "ही पैसेवाल्यांची थेरं" असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, खर्चाचं पुढे सांगणारच आहे. पण बाईचं शरीर, तिचा विचार न करता बनवलेली साधनं आणि 'बायकांना हे जमत नाही' हे वाक्य, या तिघांचं साटंलोटं मला त्या पाण्यात जितकं स्वच्छ दिसलं तितकं जमिनीवर दिसलं नव्हतं. म्हणून आले.

आधी शब्दाचीच पंचाईत. बुडी मारणारा तो पाणबुड्या. मग मी कोण? पाणबुडी म्हणावं तर डोळ्यांसमोर नौदलाची बोट येते! मी आपली 'डायव्हर' म्हणते, त्याला लिंग नाही.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला लोक समुद्रात बुडी मारतात, तिथलं पाणी उबदार असतं, पातळ पोशाखावर भागतं. इंग्लंडच्या समुद्राचं पाणी मार्चमध्ये सहा ते आठ अंशांवर असतं, आणि उन्हाळा सरतानाही बहुतेक ठिकाणी १६-१७ च्या फार पुढे जात नाही. पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. अशा पाण्यात अर्धा-पाऊण तास राहायचं तर ड्रायसूट लागतो. वेटसूटमध्ये थोडं पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने तापतं. ड्रायसूटमध्ये पाणी शिरूच द्यायचं नसतं. बूट सूटलाच जोडलेले, मान आणि मनगटं यांना घट्ट रबरी पट्टे, त्यांना सील म्हणतात, आणि पाणी न झिरपणारी जाड चेन. पातळ कापडाच्या सूटला स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच. ऊब असते ती आत घातलेल्या जाड कपड्यांत अडकलेल्या हवेची. आपल्या गोधडीचं तत्त्व तेच.

आता ही हवा म्हणजे सोयही आणि धोकाही. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि हवा आकसून निम्मी होते. सूट अंगाला असा आवळतो की कातडीवर वळ उठतात. तेव्हा छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली थोडी थोडी हवा सूटमध्ये घ्यायची. वर येताना हीच हवा फुगते. ती डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर जाते, म्हणून वर येताना डावं कोपर उंच धरायचं, कारण हवा नेहमी सर्वांत उंच जागी गोळा होते. ती बाहेर पडली नाही तर बाई फुग्यासारखी वर फेकली जाते. वेगाने वर येणं हाच या खेळातला मोठा धोका. फुफ्फुसं फाटू शकतात, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन अपंगत्व येऊ शकतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा, सावकाश वर यायचं, आम्ही मिनिटाला दहा मीटरपेक्षा जास्त वेग ठेवत नाही.

शिक्षण सुरू होतं पोहण्याच्या तलावात, मग उघड्या पाण्यात. आमच्याजवळ स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी, पाण्याने भरलेली खाण आहे. त्यात उतरत्या पायऱ्यांसारखे कट्टे आहेत, नवख्यांना पहिल्या कट्ट्यावर सहा-सात मीटरवर शिकवतात. तिथे गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायचा सराव करून घेतात, कारण हवा पायांकडे गेली तर बाई उलटी टांगली जाते, आणि डोकं वर आणल्याशिवाय झडप काही उपयोगाची नाही. थंडीत रेग्युलेटर गोठून हवा भसाभसा सुटते, त्याचाही सराव असतो. पाण्याबाहेर उगाच त्यातून श्वास घेऊन बघायचा नाही, सूटमध्ये हवा घेताना बटण दाबून धरायचं नाही, आणि खोल जाताना वेगळा, स्वतंत्र छोटा सिलिंडर जवळ ठेवायचा.

आपल्या बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या कोणत्याच पुस्तकात मला सापडल्या नाहीत. केसांना खोबरेल लावून जायचं नाही, तेलाने लॅटेक्सचं सील खराब होतं. आणि मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या सगळं काढून ठेवायचं. माझ्याबरोबरची एक आपल्याकडचीच बाई मंगळसूत्र काढायला कचरत होती, तिने सासूबाईंना फोन करून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "बुडालीस तर त्याचा काय उपयोग?"

आता मूळ मुद्दा. क्लबातून मला शिकायला जो सूट दिला तो पुरुषांचा मध्यम मापाचा होता, बायकांच्या मापाचा एकही सूट तिथे नव्हता. खांद्यात ढगळ, कमरेखाली आवळलेला, बूट दोन मापं मोठे. मनगटाचं सील पुरुषाच्या जाड मनगटाचं. माझं मनगट बारीक, मूठ वळली की शिरा वर येतात आणि शिरांच्या बाजूने पाणी आत. पंधरा मिनिटांत बाह्या भिजल्या, बोटं बधिर. वर आल्यावर शिकवणारे गृहस्थ समजुतीने म्हणाले, "बायकांना थंडी जास्तच वाजते, तुम्ही उन्हाळ्यात या." तिसऱ्या खेपेस त्या मोठ्या बुटांत हवा साचली, बूट पायातून सटकला, त्याबरोबर फिन गेली आणि मी सहा मीटरवर डोकं खाली, पाय वर. माझ्या जोडीदारणीने पोटरी धरून मला सरळ केलं आणि दंडावरची झडप उघडली. वहीत शेरा पडला, "घाबरते".

मैत्रिणींनो, हा शेरा नीट ऐका. सूट गळतो असं कुणी लिहिलं नाही. बूट मोठा आहे असंही नाही. दोष बाईच्या स्वभावात गेला. पुढे आम्ही चौघीजणींनी मिळून एक जुना सूट विकत घेतला, बारीक मनगटाची सील बसवून घेतली, पायाच्या मापाचे बूट लावून घेतले. त्याच पाण्यात, त्याच महिन्यात मी चाळीस मिनिटं राहिले. स्वभाव तोच होता.

हे आपल्याला नवीन आहे का? सफाईच्या कामावर बायकांना पुरुषांच्या मापाचे गमबूट आणि हातमोजे मिळतात. २०२० मध्ये कोविडच्या साथीत परिचारिका ढगळ पोशाखांना चिकटपट्ट्या लावून काम करत होत्या. चालताना अडखळली की 'बाईमाणूस'.

आणि बायकांना थंड पाणी सोसत नाही म्हणणाऱ्यांना कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो दाखवाव्यात. या बायका पिढ्यान् पिढ्या, सिलिंडर न घेता, एका श्वासात बुडी मारून समुद्रातून शिंपले आणि शेवाळ काढतात आणि त्यावर घर चालवतात. १९७०च्या दशकात रबरी पोशाख आले, तोवर त्या साध्या सुती कपड्यांत, हिवाळ्यातही उतरत. थोडा वेळ पाण्यात, मग दगडी आडोशात शेकोटीपाशी, मग पुन्हा पाण्यात. १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची उष्णता तयार करण्याची क्रिया सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. रबरी पोशाख आल्यावर ही सवय हळूहळू गेली. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. मात्र तोवर त्यातल्या बहुतेकजणी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि मुली त्या कामात यायला तयार नव्हत्या. कष्टाचं काम आहे ते, त्याची नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या नौदलाचं खोल समुद्रातलं प्रशिक्षण १९७५ मध्ये पहिल्यांदा एका बाईने पूर्ण केलं, तिचं नाव डॉना टोबायस. त्या वेळचा तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख सुमारे ९० किलोंचा होता.

आता जे बोलायला मी मुद्दाम आले, ते लघवीचं.

ड्रायसूट चढवायला दहा मिनिटं, उतरवायला दहा, वर शिशाची वजनं आणि सिलिंडर. शिवाय थंड पाण्यात शिरलं की लघवी जास्त होते, हा शरीराचा धर्म आहे. पुरुषांसाठी सूटला मांडीपाशी नळीची झडप बसवतात आणि ती चटकन जोडता येते. बायकांसाठी अंगाला चिकटवायची वाटी पुष्कळ उशिरा निघाली. ती महाग आहे, चिकटवायला वेळ लागतो, आधी केस काढावे लागतात. नाहीतर मोठ्यांचे डायपर. छोट्या बोटीवर संडास नसतोच. मग बायका काय करतात? सकाळपासून पाणी पीत नाहीत.

शाळेत संडास नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईत २०११ पासून 'राइट टु पी'ची मोहीम याच प्रश्नावर उभी राहिली. पण डायव्हिंगमध्ये पाणी न पिण्याची किंमत आणखी वेगळी आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की बुडबुड्यांच्या आजाराचा धोका वाढतो, असं डायव्हिंगचे डॉक्टर सांगतात. म्हणजे संकोचापोटी आम्ही जिवाशी खेळत होतो. क्लबाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन मिनिटं कुणी वर बघेना. मग एक ७० वर्षांची आजी, जुनी डायव्हर, म्हणाली, "मी तीस वर्षं डायपर घालते, तुम्ही कुणी विचारलंत कधी?" आता दोन बुड्यांच्या मध्ये किनाऱ्यावर, संडास असलेल्या जागी थांबायचं असं वेळापत्रकातच लिहिलेलं असतं. आणि पुरुषही आता जास्त पाणी पितात, ही गंमतच म्हणायची!

एक इशाराही देते. थंड पाण्यात, विशेषतः पन्नाशीपुढे आणि रक्तदाब असेल तर, कधी कधी फुफ्फुसांत आतूनच पाणी भरतं. धाप लागते, खोकला येतो, फेसाळ किंवा लालसर थुंकी पडते. हे बायकांतही चांगलंच आढळतं. आणि बाईला धाप लागली की "घाबरली" म्हणायची सवय सर्वांनाच आहे. असं झालं तर बुडी तिथेच थांबवायची, पाण्याबाहेर यायचं, प्राणवायू द्यायचा, डॉक्टर गाठायचा. "शांत हो, दमाने घे" म्हणत पाण्यात ठेवायचं नाही.

खर्च. नवा सूट साधारण हजार पौंडांच्या घरात जातो, मापाने शिवलेला त्याहून बराच वर. जुना त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळतो, पण सील आणि चेन तपासून घ्यायची. ब्रिटनमध्ये १९५३ पासून चाललेल्या ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबच्या गावोगावी शाखा आहेत, सभासद एकमेकांना फुकट शिकवतात. तिथल्या पहिल्या प्रमाणपत्रावर २० मीटरपर्यंत जाता येतं. तुमच्या मुली, भाच्या तिकडे शिकायला, नोकरीला असतील तर त्यांना हा रस्ता स्वस्त पडेल. आणि आधी विचारा, बायकांच्या मापाचे सूट आहेत का?

(नंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : पाळी चालू असताना पाण्यात जाता का?

जाते. त्यासाठी मनाई नाही. सूटमध्ये मधेच काही बदलता येत नाही, म्हणून मी कप वापरते. गरोदरपणात मात्र डायव्हिंग करायचंच नाही, बाळाला धोका असतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरचा सल्ला आधी.

प्रश्न : पोहता येत नसेल तर?

तर आधी पोहणं. सर्वसाधारणपणे २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं यायला हवं, वेगाचं बंधन नसतं. नगरपालिकेच्या तलावांवर बऱ्याच गावांत बायकांची वेगळी वेळ असते. आमच्या वाईच्या मैत्रिणी सांगतात, ती वेळ नेमकी दुपारची, धुण्याभांड्यांची ठेवतात. चौघी-पाचजणींनी लेखी अर्ज देऊन सकाळची मागा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.