गाडीचं तेल : कमीही नको, जास्तही नको

कारंजा लाडहून गटांच्या समन्वयाचं काम पाहणाऱ्या आम्ही बहिणी तुमच्याशी बोलतो आहोत. आजचा विषय गाडीच्या इंजिनातलं तेल, म्हणजे इंजिन ऑईल. हा माणसांचा विषय आहे असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आता गटांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या आहेत. कोणी डाळ आणि मसाले प्रदर्शनाला नेतं, कोणी भाजी बाजारात पोचवतं, कोणी गावातली प्रवासी वाहतूक करतं. गटातल्या बाईनं प्रवासी गाडी चालवावी म्हणून आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस ही योजनाही २०१७ मध्ये सुरू झाली. कर्जाच्या कागदावर सह्या आपल्या असतात, हप्ता आपल्या बचतीतून जातो. मग गाडीचं बॉनेट उघडायचं काम तेवढं दुसऱ्याचं कसं?

तेल कमी पडलं की इंजिन बसतं, हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. त्यातूनच एक समज होतो, की थोडं जास्त ओतलं तर चांगलंच. इथंच चूक होते.

इंजिनाच्या तळाला एक पसरट भांडं असतं. त्याला चेंबर म्हणतात. तेल त्यात साठतं. पंप तिथून तेल ओढतो, वरच्या सगळ्या फिरत्या भागांना देतो आणि ते पुन्हा खाली चेंबरमध्ये उतरतं. चेंबरच्या वर क्रँक नावाचा जाड दांडा गरगर फिरत असतो. क्रँक आणि तेल यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. तेल जास्त झालं की ती जागा भरते आणि क्रँक तेलात बुडून फिरू लागतो.

ताक घुसळताना काय होतं, ते आठवा. रवी जोरात फिरली की वर फेस येतो. इंजिनातही तेच होतं, फक्त ही रवी फार वेगानं फिरते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. तेलाचा फेस झाला की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. हवा दाबली जाते, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंगना हवा तसा तेलाचा थर मिळत नाही. म्हणजे तेल भरपूर असूनही इंजिन कोरडं घासतं.

दुसरं नुकसान सीलचं. आतला दाब वाढला की रबरी सील आणि पॅकिंगमधून तेल बाहेर येतं. तिसरं, जादा तेलाचे तुषार हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळतात. मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. पेट्रोल गाडीचे प्लग काळे पडतात. धूर साफ करणारा सायलेन्सरमधला भाग खराब होतो, आणि तो भाग महाग असतो. डिझेल इंजिनात फारच तेल गेलं तर क्वचित असंही होतं, की इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

आमच्याकडच्या एका गटाची जुनी डिझेल गाडी आहे. प्रदर्शनासाठी नागपूरला जायचं होतं. लांबचा पल्ला म्हणून चालकानं पट्टी न बघता एक लिटर तेल जास्त ओतलं. गावातल्या रस्त्यावर काही जाणवलं नाही. कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढल्यावर गाडी तासनतास एकाच वेगानं धावली, आणि मागं निळा धूर दिसू लागला. गाडी बाजूला घेतली तर खाली तेल ठिबकत होतं. स्टॉल हुकला, सील बदलावे लागले आणि त्या महिन्याचा हप्ता बचतीतून भरावा लागला. त्या गटात दहा जणी. कर्जाचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ, पण तेलाची पट्टी एकीनंही पाहिलेली नव्हती.

ती पट्टी कशी बघायची ते आता ऐका. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. बॉनेट उघडा. पिवळ्या किंवा केशरी कडीची एक लांब पट्टी दिसेल. ती ओढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढा. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची कमीत कमीची, वरची जास्तीत जास्तची. तेल दोन्हींच्या मधे हवं. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. म्हणून तेल मध्यावर असताना एक लिटरचा डबा रिकामा केला, की ते वरच्या खुणेच्या पार जाणार. थोडं थोडं ओता, थांबा, पुन्हा बघा. किती आणि कोणतं तेल हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

वरच्या खुणेपेक्षा केसभर जास्त असेल तर घाबरू नका. बोटभर वर असेल तर गाडी सुरूच करू नका. मेकॅनिक खालचा नट सैल करून किंवा पट्टीच्या नळीतून जादा तेल काढून देतो. हे काम छोटं आहे, इंजिन खोलण्याचं काम मोठं. काढलेलं तेल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडेच द्या.

आणखी एक गोष्ट. कोणी तेल न ओतताही पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली, तर डिझेल तेलात मिसळत असेल. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं असेल. दोन्ही वेळा गाडी मेकॅनिकलाच दाखवा.

शेवटी एक सुचवतो. बचतीची वही असते, तशी गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, पट्टीवर तेल कुठवर, किती ओतलं, कोणी ओतलं. दर आठवड्याला एक बाई बघेल आणि सही करेल, पाळीपाळीनं. चालकावर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. पैशाची पेटी आपण तिघींसमोर उघडतो, तेव्हा तरी कोणावर अविश्वास असतो का? गाडीही गटाची पेटीच आहे.

येत्या बैठकीत हप्ता जमा झाला की सगळ्या जणी अंगणात या, बॉनेट उघडा आणि पट्टी एकदा प्रत्येकीच्या हातात द्या.