दोन बेटे, एकच मळेकामगार : मॉरिशस आणि श्रीलंका



हिंदी महासागरातील या दोन देशांची तुलना करावयाची झाली की अर्थशास्त्री मंडळी प्रथम दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे करतात. त्या आकड्याने निकाल तात्काळ लागतो : मॉरिशसचे उत्पन्न श्रीलंकेच्या जवळजवळ तिप्पट आहे. परंतु श्रीलंकेतील सरासरी आयुर्मान सुमारे ७७ वर्षे आहे, तर मॉरिशसमध्ये ते ७४-७५ च्या घरात आहे. अर्भकमृत्यूचे प्रमाणही गरीब श्रीलंकेतच कमी. मग अधिक चांगले जगतो तो कोण?

श्रीलंकेच्या जनतेला हे आयुष्य कोणी दान दिलेले नाही. वसाहतीच्या काळातच, १९३१ साली, तेथे सार्वत्रिक मताधिकार आला आणि मते मागणाऱ्यांना खेड्यांत दवाखाने व शाळा नेणे भाग पडले. १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत हजारो माणसे मेली. त्या वेळी औषधे व अन्न घेऊन गावोगाव फिरलेल्या तरुणांनीच तेथील डावी चळवळ उभारली. १९४२ मध्ये तांदळाचे रेशन सुरू झाले, १९४५ पासून कन्नंगरा यांच्या पुढाकाराने शिक्षण मोफत झाले. १९५३ साली सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेला, शाळेतील मुलांचे दुपारचे खाणेही बंद केले. १२ ऑगस्टला डाव्या पक्षांच्या हाकेवर हरताळ झाला. मंत्रिमंडळाला आपली बैठक बंदरातील ब्रिटिश युद्धनौकेवर भरवावी लागली! गोळीबारात माणसे मारली गेली आणि दोन महिन्यांत पंतप्रधान डडली सेनानायके यांना पद सोडावे लागले.

परंतु या व्यवस्थेच्या दाराबाहेर एक मोठा समुदाय उभा होता. तमिळनाडूतून कंगाणींनी आणलेले, डोंगराळ भागातील चहामळ्यांवर राबणारे कामगार. इकडे मॉरिशसच्या उसात १८३४ पासून साडेचार लाखांवर भारतीय करारबद्ध मजूर उतरले. बिहारी, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी कष्टकरीही. दोन्हीकडे मालक गोरा, मधला मुकादम आपल्यातलाच, आणि राहावयास ओळीने बांधलेल्या खोल्या. गोळ्याही सारख्याच : जानेवारी १९४० मध्ये सिलोनच्या मूल ओया मळ्यावर गोविंदन हा कामगार पोलिसांच्या गोळीने पडला, सप्टेंबर १९४३ मध्ये मॉरिशसच्या बेल व्ह्यू हारेल येथे संपावरील मजुरांवर गोळीबार झाला, त्यात गरोदर अंजले कुपेन आणि तिचे तीन सहकारी मारले गेले.

फाटा फुटला तो १९४८ साली. मॉरिशसमध्ये नव्या घटनेने, कोणत्याही प्रचलित भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीपुरुषास मत दिले. बासदेव बिसुनदयाल यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांत मजुरांच्या हाती पाटी दिली. मतदार सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांवर गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील निवडणुकीत ऊसमळेवाल्यांच्या राजकीय मक्तेदारीला पहिले खिंडार पडले. त्याच वर्षी कोलंबोच्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा करून लाखो चहाकामगारांना परके ठरविले. पिता तेथेच जन्मल्याचा कागद मजुराने आणावयाचा कोठून? कारण उघड होते. १९४७ च्या निवडणुकीत या कामगारांनी आपले सात प्रतिनिधी निवडून दिले होते आणि इतरत्र डाव्यांना हात दिला होता. डाव्या पक्षांनी या कायद्यास विरोध केला, तो अपुरा पडला. पुढे १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारात सव्वापाच लाख माणसे भारताकडे आणि तीन लाख सिलोनकडे अशी वाटली गेली. त्या माणसांना कोणी विचारले नाही. उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न मिटण्यास २००३ साल उजाडले. म्हणूनच श्रीलंकेच्या त्या अभिमानास्पद सरासऱ्या मळ्यांच्या वेशीवर येऊन लंगड्या पडतात.

मॉरिशसच्या मजुराच्या नातवंडांना मताबरोबर शाळा मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले; १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. युरोपने १९७५ च्या करारान्वये साखरेला चढा भाव दिला, कापडाचे निर्यात-कारखाने निघाले. पण उसाच्या जमिनीचा मोठा हिस्सा आजही मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे आहे. शिवाय १९८० च्या दशकातील करारामुळे भारतातील भांडवली नफ्यावरील कर चुकविण्याचा राजमार्ग पोर्ट लुईवरून जात असे. तो बंद करण्याची दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. या सुबत्तेत भारतीय तिजोरीचाही वाटा आहे, हे दिल्लीत फारसे बोलले जात नाही. आणि कापडगिरण्यांत आज राबतात ते बांगलादेशातून करारावर आणलेले कामगार. मधुमेहाने मात्र तेथे श्रीमंत-गरीब असा भेद ठेवलेला नाही; आयुर्मान मागे राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

श्रीलंकेने १९७७ नंतर बाजार मोकळा केला, १९७९ मध्ये रेशनच्या जागी गरिबांपुरती अन्नकुपने आणली. कर्ज वाढत गेले. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी देणी थांबविली गेली, इंधनासाठी रांगा लागल्या आणि जुलैमध्ये जनतेने राष्ट्राध्यक्षाला देश सोडावयास लावले. या पडझडीतही सरकारी दवाखाने आणि मोफत शाळा उभ्या राहिल्या, औषधांचा तुटवडा सोसून का होईना. चहामळ्यांवर दिवसाला हजार रुपये मजुरीची मागणी वर्षानुवर्षे चालली होती. ती २०२१ मध्ये मान्य झाली. आणि पुढल्याच वर्षीच्या महागाईने त्या हजार रुपयांचे मोल पार उतरविले.